रंग दिसणे आणि रंग सांगता येणे : सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या बालकांच्या रंगशिक्षणाचा इतिहास आणि कळवण

१

शाळेत नव्याने दाखल झालेल्या बालकास आरंभीच्या दिवसांत जे प्रश्न विचारले जातात, त्यांत ‘हा कोणता रंग?’ हा प्रश्न बहुधा असतोच. प्रश्न साधा आहे, आणि उत्तर चुकले म्हणजे त्याचा अर्थही तितकाच साधा लावला जातो : मुलाला रंग कळत नाहीत. ज्या बालकाची बौद्धिक वाढ किंचित मंद आहे, त्याच्या बाबतीत असा अर्थ लावण्याची घाई विशेष होते. कारण त्याच्याविषयीचे अनुमान आधीच बांधलेले असते आणि चुकलेले उत्तर त्या अनुमानास पुरावा म्हणून उपयोगी पडते.

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यासारख्या प्रदेशात या प्रश्नाची गुंतागुंत आणखी वाढते. गिरणेच्या खोऱ्याच्या वरच्या अंगास वसलेल्या या तालुक्यात निम्म्याहून अधिक लोकसंख्या आदिवासी आहे. घरात अहिराणी किंवा कोकणा समाजाची बोली, आणि शाळेत प्रमाण मराठी, अशी येथील अनेक बालकांची स्थिती असते. येथे रंगाचे नाव चुकले, तर चूक दृष्टीची, बुद्धीची, भाषेची की शिक्षणाची, हे केवळ उत्तरावरून ठरविता येत नाही.

रंग दिसणे, एक रंग दुसऱ्या सारख्या रंगाशी जुळविणे, नाव ऐकून रंग ओळखणे आणि विचारले असता स्वतः नाव सांगणे, ही चार निराळी कामे होत. ती एकमेकांपासून वेगळी करण्यास शिक्षणशास्त्राला दीर्घ काळ लागला, आणि हे वेगळेपण प्रथम ध्यानात आले ते मंदगती बालकांना शिकविताना, ही गोष्ट अनेकदा विसरली जाते. या भेदाचा इतिहास पाहणे आणि कळवणच्या वर्गात त्याचे काय होते हे तपासणे, हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. १९१२ च्या इंडियन ल्युनसी ॲक्टमध्ये ‘वेडा’ या संज्ञेच्या व्याख्येतच जन्मतः बुद्धी नसलेल्या मनुष्याचा समावेश केला होता. म्हणजे मनोरुग्ण आणि मंदगती बालक यांत कायद्यास भेद दिसत नव्हता. पुढे ‘मतिमंद’ हा शब्द मराठीत रूढ झाला. १९९५ च्या अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यात मतिमंदत्व ही स्वतंत्र अवस्था म्हणून नोंदली गेली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ‘बौद्धिक दिव्यांगत्व’ ही संज्ञा स्वीकारली. यातील सौम्य गटाचा बुद्धिगुणांक सामान्यतः ५० ते ७० च्या दरम्यान धरला जातो. या गटातील बहुसंख्य बालके बोलतात, खेळतात, घरकामात व शेतकामात हातभार लावतात. त्यांची अडचण प्रथम उघड होते ती शाळेत.

२

या इतिहासाचा आरंभ पॅरिसमधील मूकबधिरांच्या संस्थेत होतो. १८०० साली आव्हेरोनच्या अरण्यप्रदेशात सापडलेल्या एका मुलास शिकविण्याचे काम झां इतार या तरुण वैद्याने तेथे हाती घेतले. मुलाचे नाव व्हिक्टर असे ठेवण्यात आले. इतारने एका फळीवर तीन कागद चिकटविले : तांबडे वर्तुळ, निळा त्रिकोण आणि काळा चौकोन. याच आकाररंगांचे सुटे तुकडे मुलाने योग्य जागी ठेवावयाचे होते. व्हिक्टरने ते लवकरच साधले. परंतु इतारने जागांची अदलाबदल करताच असे आढळले की, मुलगा रंग किंवा आकार पाहतच नव्हता. केवळ जागा लक्षात ठेवून तो तुकडे ठेवीत होता.

विशेष शिक्षणाच्या इतिहासात हा प्रसंग लहान, पण मूलगामी आहे. बरोबर उत्तर म्हणजे अपेक्षित ज्ञान नव्हे, हे त्यात दिसून आले. त्याच प्रयोगात एक उणीवही होती. प्रत्येक तुकड्याचा रंग जसा निराळा होता तसा आकारही निराळा होता. त्यामुळे जागा बदलल्यानंतर मुलाने बरोबर तुकडा उचलला, तरी तो रंग पाहून उचलला की आकार पाहून, हे सांगणे अशक्य होते. इतारने पुढे तुकड्यांत फेरफार करीत ही गाठ सोडविण्याचा यत्न केला. परंतु तिची पद्धतशीर उकल त्याच्या नंतरच्यांनी केली.

इतारचा शिष्य एदुआर सेगँ याने हे कार्य पुढे नेले. मंदगती बालकांच्या शिक्षणावरील त्याचा मुख्य फ्रेंच ग्रंथ १८४६ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे तो अमेरिकेस गेला, आणि १८६६ मध्ये त्याचा इंग्रजी ग्रंथ निघाला. ज्ञानेंद्रियांचे शिक्षण आधी आणि शब्दाचे नंतर, हा त्याचा सिद्धांत होता. ज्यास आज ‘तीन पायऱ्यांचा पाठ’ म्हणतात त्याचे श्रेय त्यालाच दिले जाते. पहिल्या पायरीत शिक्षक वस्तू व नाव यांची सांगड घालतो : हा तांबडा, हा निळा. दुसरीत तो मागतो : तांबडा दे, निळा दे. तिसरीत विचारतो : हा कोणता? पहिल्या पायरीत मुलाने केवळ ऐकावयाचे व पाहावयाचे असते. दुसरीत हाताने उत्तर द्यावयाचे असते. वाणीचे काम तिसरीत येते. दुसऱ्या पायरीत मूल चुकले तर तिसरीकडे जावयाचे नाही, मुलास दोषही द्यावयाचा नाही. पहिल्या पायरीवर परत यावयाचे. या पाठाचे मर्म या परतण्यात आहे. चुकीचा अर्थ ‘मुलास येत नाही’ असा न राहता ‘पाठ अजून पुरा झालेला नाही’ असा होतो.

३

रोम येथे १९०० च्या सुमारास मारिया मॉन्टेसरी या मंदगती बालकांच्या शिक्षणसंस्थेत काम करीत होत्या. इतार व सेगँ यांचे ग्रंथ त्यांनी अभ्यासले, आणि तेथील बालकांवर सिद्ध झालेली साधने १९०७ मध्ये सान लोरेंझो या श्रमिक वस्तीतील सामान्य मुलांच्या बालगृहात नेली. रंगशिक्षणासाठी त्यांनी योजलेल्या पट्ट्या आकाराने, मापाने व द्रव्याने अगदी सारख्या असून त्यांच्यावर रंगीत रेशीम गुंडाळलेले असे. भेद केवळ रंगाचा. आरंभी तीन ठळक रंगांच्या जोड्या जुळवावयाच्या, मग रंग वाढवावयाचे, आणि शेवटी एकाच रंगाच्या छटा गडदापासून फिकटापर्यंत लावावयाच्या. इतारच्या फळीवरील उणीव येथे दूर झाली. मुलाने पट्टी जुळविली, तर ती रंग पाहूनच जुळविलेली असणार. दुसरा आधार त्यास उपलब्धच नव्हता.

तथापि या प्रवासात एक विपर्यास घडला. जी पद्धती मंदगती बालकांसाठी निर्माण झाली, ती सामान्य बालकांच्या शाळांत जगभर गेली आणि तेथेच तिचे नाव झाले. ज्यांच्यासाठी ती मुळात होती, त्यांच्यापर्यंत ती कितीतरी उशिरा पोहोचली. महाराष्ट्राच्या बाबतीत हे अंतर वर्षांनी मोजता येते.

४

त्यापूर्वी याच काळातील दुसऱ्या एका प्रवाहाकडे वळले पाहिजे. कारण मंदगती मूल कोण, हे ठरविण्याचे साधन त्यातून आले. फ्रान्समध्ये १९०४ साली मागे पडणाऱ्या शाळकरी मुलांचा विचार करण्यासाठी एक सरकारी आयोग नेमला गेला, आणि १९०५ मध्ये आल्फ्रेद बिने व थिओदोर सिमाँ यांनी आपली पहिली बुद्धिमापन श्रेणी प्रसिद्ध केली. १९०८ च्या सुधारित श्रेणीत कसोट्या वयानुसार लावल्या गेल्या. त्यांत चार रंगांची नावे सांगणे ही कसोटी आठव्या वर्षासाठी होती. १९११ च्या आवृत्तीत ती सातव्या वर्षाकडे आली. आणि १९१६ मध्ये लुइस टर्मन यांनी अमेरिकेत केलेल्या पुनर्रचनेत तांबडा, पिवळा, निळा व हिरवा ही चार नावे पाचव्या वर्षी यावीत असे ठरले.

एकच कसोटी आठ वर्षांत तीन वर्षे खाली सरकली. इतक्या अल्पावधीत मुलांचे डोळे बदलले नाहीत, त्यांची उपजत बुद्धीही वाढली नाही. देश, मुलांचा नमुना व मापनाची रीत यांतील फरक हिशेबात धरले, तरी शिल्लक राहणारा अर्थ स्पष्ट आहे : रंगाचे नाव कोणत्या वयात येते, हे बरेचसे त्या मुलास ते कोणी, केव्हा व किती वेळा शिकविले यावर अवलंबून असते. सामान्य बुद्धीच्या मुलांनाही हे नाव कठीण जाते याचे प्रसिद्ध उदाहरण चार्ल्स डार्विन यांचे होय. घरातील मुलांना सर्व नेहमीच्या वस्तूंची नावे येत असताना रंगांची नावे मात्र चुकत, हे पाहून त्यांस आपली मुले रंगांध आहेत की काय, अशी शंका आली होती. ती शंका निराधार ठरल्याचे त्यांनी १८७७ मध्ये लिहिले. डार्विनच्या मुलांना शंकेचा फायदा मिळाला. गरीब घरच्या, परभाषिक किंवा आधीच ‘मंद’ ठरलेल्या मुलास तो मिळतोच असे नाही.

बिने-पद्धतीच्या कसोट्या मराठी मुलापर्यंतही आल्या. व्ही. व्ही. कामत यांनी मराठी व कन्नड भाषिक मुलांसाठी त्यांची पुनर्रचना केली, आणि त्यांचा त्यावरील इंग्रजी ग्रंथ १९४० मध्ये प्रसिद्ध झाला. कसोटी मुलाच्या भाषेत असावी हे तत्त्व त्यामुळे प्रस्थापित झाले. परंतु ‘मराठी’ म्हणजे कोणती मराठी, हा प्रश्न शिल्लक राहिला.

५

महाराष्ट्रात रंगपट्ट्यांचा विचार आला तो बालशिक्षणाच्या चळवळीतून. गिजुभाई बधेका व ताराबाई मोडक यांच्या प्रयत्नांनी १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. १९३९ मध्ये स्वतः मॉन्टेसरी भारतात आल्या आणि युद्धकाळात येथेच राहिल्या. १९४५ मध्ये ताराबाईंनी बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर गेले. वारली पाड्यांत विलायती धर्तीची महाग साधने चालणार नव्हती. म्हणून खडे, पाने, बिया, शिंपले अशा परिसरातील वस्तू शिक्षणसाधने झाल्या, आणि शाळाच पाड्याच्या अंगणात गेली. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील या प्रयोगाचा पूर्वेकडील कळवणशी थेट संबंध नसला, तरी परिस्थितीचे साम्य उघड आहे : आदिवासी वस्ती, बोलीभाषिक बालके आणि मोजकी साधने.

मंदगती बालकांच्या शाळांचा प्रवाह मात्र स्वतंत्रपणे व उशिरा वाहू लागला. मुंबईत १९४४ मध्ये होरमसजी व जय वकील या दांपत्याने आपल्या मुलीच्या निमित्ताने शाळा सुरू केली. ती आज जय वकील या नावाने सर्वपरिचित आहे. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशी यांनी ‘कामायनी’ची स्थापना केली. नाशिक शहरात रजनी लिमये यांनी १९७७ मध्ये ‘प्रबोधिनी’ सुरू केली. म्हणजे नूतन बालशिक्षण संघाच्या स्थापनेपासून नाशिकमधील या शाळेपर्यंत ५१ वर्षांचे अंतर पडले. सेगँची पद्धती ज्यांच्यासाठी होती, त्यांच्याकडे ती अशी वळसा घालून परतली. विशेष म्हणजे या शाळांपैकी काहींचा आरंभ पालकांच्या स्वतःच्या गरजेतून झाला. शिक्षणखात्याच्या योजनेतून नव्हे.

शासनाची पावले त्यानंतरची. शारीरिक व मानसिक अपंगत्व असलेल्या बालकांना सामान्य शाळांत घेण्याचा विचार कोठारी आयोगाने (१९६४–६६) मांडला, आणि १९७४ मध्ये केंद्राने एकात्म शिक्षणाची योजना सुरू केली. १९८४ मध्ये सिकंदराबाद येथे राष्ट्रीय संस्था उभी राहिली. १९७० नंतर मद्रास येथे तयार झालेल्या मापनसूचीने १८ क्षेत्रांतील कौशल्ये क्रमवार मांडून, मुलाची तुलना इतरांशी न करता त्याच्या स्वतःच्या मागील स्थितीशी करण्याची दिशा दाखविली. १९९२ च्या पुनर्वास परिषद अधिनियमाने विशेष शिक्षकाच्या प्रशिक्षणास वैधानिक आधार दिला. सर्व शिक्षा अभियानानंतर आणि २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर सौम्य बौद्धिक दिव्यांगत्व असलेले मूल गावच्याच शाळेत बसते, आणि विशेष शिक्षक त्याच्याकडे तालुक्याहून येतो. त्यामुळे रोजचे रंगशिक्षण वर्गशिक्षकाच्याच हाती राहते. सेगँ व मॉन्टेसरी यांचा अनुभव आता त्या शिक्षकाच्या उपयोगी पडला पाहिजे.

६

हा अनुभव सार्थ का ठरला, याची मीमांसा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. डेव्हिड झीमन व बेटी हाउस यांनी १९६३ मध्ये मंदगती बालकांच्या भेदज्ञानाविषयी एक महत्त्वाची उपपत्ती मांडली. शिकण्याच्या आलेखात आरंभी बराच काळ प्रगती दिसत नाही. मात्र एकदा चढ सुरू झाला की तो अधिक बुद्धीच्या मुलांइतकाच वेगवान असतो, असे त्यांना आढळले. भेद चढाच्या वेगात नसून सपाट भागाच्या लांबीत असतो. याचा अर्थ असा की, मूल संथपणे शिकत नसते. कोणत्या गुणाकडे पाहावयाचे हे त्यास उशिरा उमगते. आकार, जागा, स्पर्श, रंग यांपैकी रंगाकडेच लक्ष द्यावयाचे आहे, हे एकदा कळले की उरलेले काम सोपे होते. मॉन्टेसरींच्या पट्ट्यांचे बळ यातच होते. लक्ष विचलित करणारे इतर भेद त्यांनी आधीच काढून टाकले होते.

१९७६ मध्ये मार्क बोर्नस्टीन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, चार महिन्यांची बालकेदेखील निळा, हिरवा, पिवळा व तांबडा यांचे गट पाडतात. गट आधी पडतात. नावे वर्षांनंतर येतात. २०१० मध्ये मायकेल रॅम्स्कर व सहकाऱ्यांनी सुमारे दोन वर्षांच्या इंग्रजी भाषिक मुलांवर केलेल्या प्रयोगात असे आढळले की, रंगाचा शब्द वस्तूच्या नावापूर्वी येण्याऐवजी नंतर आला, तर रंगनाम अधिक चांगले शिकले जाते. हा प्रयोग सामान्य बालकांवरील असल्याने त्याचा विस्तार सावधपणे केला पाहिजे. तथापि ‘ही लाल मिरची’ आणि ‘ही मिरची लाल आहे’ या दोन्ही रचना मराठीत सहज असल्यामुळे दुसरी निवडण्यात शिक्षकाचे काहीच वेचत नाही.

७

या सर्व विचाराची कसोटी कळवणच्या वर्गात लागते. येथे तीन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत.

पहिली गोष्ट बोलीची. अहिराणीत प्रमाण मराठीतील ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. डोळा तो ‘डोया’, काळा तो ‘काया’, पिवळा तो ‘पिवया’. आणि पांढऱ्यास ‘धवया’ म्हणतात. हळदीकडे बोट दाखवून ‘पिवया’ म्हणणाऱ्या मुलाने रंग पाहिला आहे, ओळखला आहे आणि त्याचे नावही सांगितले आहे. तिन्ही पायऱ्या त्याने पूर्ण केल्या आहेत. त्यास केवळ दुसऱ्या भाषेतील नाव शिकावयाचे आहे. शिक्षकाने हे उत्तर चूक धरले, तर तो मुलास रंग न येण्याचा दोष देतो, आणि त्याहून वाईट म्हणजे बरोबर आलेली गोष्ट चूक असल्याचे त्यास शिकवितो. ज्या मुलाचा स्वतःच्या उत्तरावरील विश्वास आधीच डळमळीत आहे, त्याच्या बाबतीत ही हानी मोठी होय.

दुसरी गोष्ट मराठीच्या व्याकरणाची. हिरवा पाला, हिरवी मिरची, हिरवे पान, हिरव्या बांगड्या : एकाच रंगाची चार रूपे मुलाच्या कानी पडतात. इंग्रजीतून आलेल्या पाठांत ही अडचण संभवत नाही, म्हणून त्यांच्या भाषांतरांत तिची दखलही नसते. नेहमीच्या रंगनामांत ‘लाल’ हे लिंगवचनानुसार न बदलणारे आहे. ‘तांबडा’ मात्र बदलते. म्हणून आरंभी ‘लाल’ हा शब्द घेणे, आणि दुसरा रंग एकाच लिंगाच्या वस्तूंवर शिकवून एक रूप पक्के झाल्यावरच दुसरे रूप आणणे सयुक्तिक ठरते. हे भाषेच्या स्वरूपावरून काढलेले अनुमान आहे. प्रयोगाने त्याची परीक्षा करणे हे पदव्युत्तर संशोधनास योग्य असे काम होय.

तिसरी गोष्ट साधनांची. परिसरातील वस्तू वापराव्यात हे कोसबाडची आठवण ठेवून ठीकच. परंतु त्या कशाही वापरून चालत नाहीत. टोमॅटो लाल, पान हिरवे, हळद पिवळी, असे शिकविले तर इतारच्या फळीची चूक पुन्हा होते. मूल वस्तू ओळखते, रंग नव्हे. याउलट हिरवी मिरची व पिकलेली लाल मिरची यांत वस्तू एक, आकार एक, भेद रंगाचा. सप्तशृंगीच्या गडाखालच्या दुकानांत मिळणाऱ्या काचेच्या बांगड्या तर मॉन्टेसरींच्या पट्ट्यांइतक्याच काटेकोर आहेत : घेर सारखा, काच सारखी, रंग मात्र निराळा. बाजारातील नावांपासून मात्र सावध राहावे लागते. ‘लाल कांदा’ हे व्यापारातील नाव. त्याचा रंग जांभळटाकडे झुकतो. ‘काळी’ म्हणजे कसण्याची जमीन आणि ‘पांढरी’ म्हणजे गावठाण. तेथे रंगाचा शब्द जमिनीचा प्रकार सांगतो. मोठ्यांना हा भेद सांगावा लागत नाही. रंगनाम नुकतेच शिकणाऱ्या मंदगती मुलास तो गोंधळात टाकतो.

यावरून वर्गातील निदानाची एक सोपी रीत हाती येते. मूल सारख्या बांगड्या रंगानुसार जुळवू शकत नसेल, तर प्रथम त्याचे डोळे तपासले पाहिजेत. तांबडा-हिरवा भेद न कळणारी रंगांधता मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी अधिक आढळते, आणि तिचा बुद्धीशी संबंध नाही. जुळवता येते पण मागितलेला रंग देता येत नसेल, तर नाव व रंग यांची सांगड पक्की झालेली नाही. पहिल्या पायरीवर परतावे. देता येते पण सांगता येत नसेल, तर अडचण शब्दाची आहे. घरचा शब्द कोणता, ते आधी विचारावे.

८

रंगांची चार-पाच नावे ही शिक्षणातील लहान गोष्ट आहे. परंतु ज्या मुलास शाळेत पहिल्यांदा काही जमते ते बहुधा अशा लहान गोष्टीतच जमते, आणि पहिल्यांदा ‘मंद’ असा शिक्का बसतो तोही अशाच लहान प्रश्नावर. इतारने जागांची अदलाबदल केली तेव्हा बरोबर उत्तरामागील अज्ञान दिसले. कळवणच्या शिक्षकासमोरचे काम त्याच्या उलट आहे : चुकीच्या वाटणाऱ्या उत्तरामागील ज्ञान ओळखणे. ‘पिवया’ म्हणणाऱ्या मुलास शिक्षकाने प्रथम ‘बरोबर’ म्हणावे आणि नंतर ‘शाळेत यालाच पिवळा म्हणतात’ असे सांगावे. त्या मुलाचा रंगांचा पाठ तेथेच पुरा होतो आणि भाषेचा पाठ तेथूनच सुरू होतो.